हाडाची वस्तू कशाची, हे ओळखतात कसं?

आज आम्ही तुमच्याशी संग्रहालयातल्या एका कोपऱ्याविषयी बोलणार आहोत. संग्रहालयात मधोमध मूर्ती असतात, नाणी असतात, तलवारी असतात. कोपऱ्यातल्या एखाद्या कपाटात हाडाच्या वस्तू ठेवलेल्या दिसतात. एखादी टोकदार काडी, मध्ये भोक पाडलेला तुकडा, झिजून गुळगुळीत झालेली पट्टी. खाली चिठ्ठीवर कधी 'हाडाचं टोक' एवढंच लिहिलेलं असतं, कधी 'पूजेची वस्तू असावी', तर कधी 'उपयोग अज्ञात'.

बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. आम्हाला तो घ्यावासा वाटला, कारण या वस्तू राजाच्या नाहीत. शिवणाऱ्या, कातणाऱ्या, विणणाऱ्या, कंद खणणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या माणसांच्या त्या वस्तू आहेत. अशा कष्टकऱ्यांची नावं कोणत्याही शिलालेखावर नसतात. त्यांनी काय केलं, याची साक्ष त्यांच्या हातातलं हत्यारच देतं. हत्याराचा उपयोग कळला नाही, तर ते काम आणि ते करणारे हात, दोन्ही विसरले जातात.

हाड म्हटलं की आपल्यातल्या काहीजणींच्या अंगावर काटा येतो. काहींच्या घरात हाडाला शिवतही नाहीत. पण लोखंड येण्याआधी, आणि आल्यानंतरही बराच काळ, हाड हे माणसाच्या घरातलं हुकमी सामान होतं. खाऊन झालेल्या जनावराचं हाड घरातच मिळे, घासून त्याला टोक काढता येई, ते सहजी मोडत नसे. काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ बुर्झहोम नावाची जागा आहे. तिथे १९६० ते १९७१ या काळात उत्खनन झालं. जमिनीत खड्डे खणून त्यात राहणाऱ्या लोकांची ती वस्ती, चार-पाच हजार वर्षांपूर्वीची. तिथे हाडाच्या सुया, आऱ्या, भाल्याची टोकं, मासे मारायचे काटेरी गळ असं कितीतरी सामान मिळालं. बिहारमधल्या चिरांदलाही हाडाची आणि सांबरशिंगाची हत्यारं भरपूर निघाली.

आता प्रश्न असा, की एक टोकदार हाड हातात आलं, तर ती सुई, आरी, बाणाचं टोक की केसात खोचायची काडी, हे अभ्यासक ठरवतात कसं? नुसत्या आकारावरून ठरवता येत नाही. त्याच्या काही पायऱ्या आहेत. त्या एकेक पाहू.

पहिली पायरी : हे माणसानं केलंय का?

कुत्र्यानं दोन दिवस चघळलेलं हाड तुम्ही पाहिलं असेल. दोन्ही टोकं खाल्लेली, मधला भाग चाटून चाटून चकचकीत. नदीच्या वाळूत घासत गेलेलं हाडही असंच गुळगुळीत होतं. म्हणून आधी बघतात, की त्यावर माणसाच्या हाताची खूण आहे का. पात्यानं कापल्याच्या खाचा, दगडावर घासल्याच्या एका दिशेच्या रेघा, आरपार पाडलेलं भोक, अशा या खुणा असतात.

हे वाटतं तितकं सोपं नाही. युरोपातल्या स्लोव्हेनिया देशात एका गुहेत १९९५ साली अस्वलाच्या पिल्लाच्या मांडीचं हाड मिळालं. त्यावर ओळीत भोकं होती. काही अभ्यासक म्हणाले, ही जगातली सर्वात जुनी बासरी. दुसरे म्हणाले, ही तर मांसाहारी जनावराच्या दातांची भोकं. ते हाड आज त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

दुसरी पायरी : कोणत्या जनावराचं, कोणतं हाड?

मुसळाला आपण कोणतंही लाकूड घेत नाही. पोळपाट-लाटण्याचं लाकूड वेगळं, कुऱ्हाडीच्या दांड्याचं वेगळं. हाडाचंही तसंच आहे. बरगडी थोडी लवते. पायाचं नळीचं हाड सरळ आणि जाड, त्याला चांगलं टोक निघतं. सांबराचं शिंग मार सोसतं. पक्ष्याचं हाड आतून पोकळ. हाड कोणतं निवडलं यावरून काम काय असेल याचा अंदाज येतो. जिथं मार बसणार, तिथं जाणकार माणूस बरगडी घेणार नाही.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात एका तेरा हजार वर्षांपूर्वीच्या मुक्कामाच्या जागी हाडाच्या सुयांचे ३२ तुकडे मिळाले. २०२४ साली त्यांच्या अभ्यासाचं उत्तर आलं. त्या सुया कोल्हा, रानमांजर, ससा अशा केसाळ जनावरांच्या हाडांच्या निघाल्या. बारीक जनावराचं बारीक हाड, म्हणजे सुईचं अर्धं काम आधीच झालेलं. आणि त्याच जनावरांचं केसाळ कातडं थंडीच्या कपड्याला लावायला उपयोगी. म्हणजे सुई कोणत्या हाडाची, यावरून त्या सुईनं काय शिवलं असेल याचाही माग लागतो.

तिसरी पायरी : झीज वाचणं

ही पायरी तुम्हाला कुणी शिकवायला नको. उजव्या हातानं वापरलेल्या उलथन्याची एकच कड झिजते. पाटा मधोमध खोलगट होतो. विळीचं पातं जिथं रोज भाजी चिरतो तिथंच आत जातं. जात्याचा खुंटा हातानं इतका गुळगुळीत होतो, की पॉलिश केल्यासारखा वाटावा. वस्तू कशी धरली, कुठं टेकवली, कोणत्या दिशेनं फिरवली, हे झीज सांगते.

हाडावरही तशीच झीज असते, फक्त ती बारीक असते. ती बघायला मायक्रोस्कोप लागतो. सेर्गेई सेम्योनोव्ह या रशियन अभ्यासकानं या पद्धतीचा पाया घातला. त्याचं पुस्तक १९५७ साली आलं. त्याआधी बहुतेक जण हत्यारांची वाटणी आकारावरून करत. त्यानं हत्यारावरच्या रेघा, चकाकी, टवके यांच्यावरून काम ओळखायला सुरुवात केली.

आपल्याकडचीच तीन हत्यारं घ्या. दाभण, चपला शिवणाऱ्या कारागिराची आरी आणि अंबाड्यात खोचायची काडी. तिन्ही लांब, तिन्ही टोकदार. पण दाभणात दोरा ओवतात, म्हणून नेढ्याची कड दोऱ्यानं घासून गोल होते. आरी चामड्यात दाबून हातानं गरगर फिरवतात, म्हणून तिच्या टोकाभोवती आडव्या, वेढ्यासारख्या रेघा उठतात. केसातल्या काडीवर फिरवल्याच्या रेघा नसतात. केसांच्या तेलानं आणि घासण्यानं ती सगळीकडून सारखी चमकते. आणि बाणाचं टोक असेल, तर ते आपटून टवका उडालेलं असतं. सुईचं काम करणाऱ्या वस्तूला असा टवका सहसा नसतो.

चौथी पायरी : स्वतः करून बघणं

झीज बघितली, पण ती कोणत्या कामाची, हे पडताळायचं कसं? त्यासाठी अभ्यासक तसंच हाड घेतात, तशीच वस्तू बनवतात आणि तासन् तास काम करून बघतात. मग नवी झीज आणि जुनी झीज शेजारी ठेवून जुळवतात.

याचं सर्वात छान उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. जोहान्सबर्गपासून जवळ स्वार्टक्रान्स नावाची गुहा आहे. तिथे मिळालेले हाडांचे तुकडे दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्यासारखा माणूस तेव्हा जन्मालाही आला नव्हता. ही हत्यारं त्याच्या फार जुन्या भाऊबंदांची. या तुकड्यांची टोकं झिजून गोलसर झालेली होती. तिथलं उत्खनन करणाऱ्या सी. के. ब्रेन यांना वाटलं, की यांनी जमिनीतले कंद उकरले असतील. अंदाज पटण्यासारखाच होता.

पुढे ल्युसिंडा बॅकवेल आणि फ्रांचेस्को देरिको या दोघांनी मायक्रोस्कोपखाली ही टोकं पाहिली. ताज्या हाडांनी त्यांनी कंद खणून बघितले, कातडं खरवडून बघितलं, आणि वारुळंही फोडून बघितली. कंद खणलेल्या हाडावर जाड-बारीक, वेड्यावाकड्या रेघा आल्या, कारण साध्या मातीत खडे असतात. वारूळ खणलेल्या हाडावर बारीक, एकसारख्या, लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या रेघा आल्या. जुन्या हत्यारांवर अगदी तशाच रेघा होत्या. २००१ साली त्यांनी हे छापलं.

रेघा एकसारख्या का, याचं कारण तुम्ही चटकन सांगाल. चूल लिंपायला वारुळाची माती का आणतात? कारण ती बारीक आणि एकसारखी असते. वाळवी कण कण निवडून वारूळ रचते. तीच चाळल्यासारखी माती दहा लाख वर्षांपूर्वी हाडाला घासली गेली आणि रेघेत उमटून राहिली. कंद की वाळवी, हा फरक लहान नाही. त्या लोकांच्या पोटात काय जात होतं, हा तो प्रश्न आहे. आफ्रिकेत आजही बऱ्याच ठिकाणी वाळवी आवडीनं खातात.

पाचवी पायरी : कुठं मिळाली, कशासोबत मिळाली?

चौकटीतून सुटलेली बिजागरी एकटीच रस्त्यात पडली, तर ती कशाची हे ओळखायला वेळ लागतो. दारासोबत मिळाली तर लगेच कळतं. रोमन काळातल्या हाडाच्या छोट्या नळ्यांचं तसंच झालं. नळी पोकळ, बाजूला एक-दोन भोकं. एकटी नळी हाती आली की लोक म्हणत, हा बासरीचा तुकडा. पण त्या नळ्या कपाटांच्या आणि पेट्यांच्या बिजागऱ्या होत्या. लाकूड कुजून गेलं, हाड उरलं. एकाखाली एक अशा ओळीत मिळालेल्या नळ्यांनी आणि टिकून राहिलेल्या लाकडी कपाटांनी खरं सांगितलं.

आणखी एक गमतीची वस्तू. उत्तर युरोपात हजारेक वर्षांपूर्वीच्या वस्त्यांत डुकराच्या पायाची बोटभर हाडं मिळतात, मधोमध एक भोक पाडलेली. कुणी म्हणालं, कपड्याला लावायचं बटण. कुणी म्हणालं, दोरा गुंडाळायची रीळ. आता बरेच अभ्यासक म्हणतात, हे मुलांचं खेळणं असावं. भोकात दोरा ओवायचा, पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं-सोडायचं, की हाड गरगर फिरतं आणि घूं घूं आवाज करतं. बटणात दोरा ओवून हा खेळ आपण सगळ्याच खेळलो आहोत.

सहावी पायरी : ते काम करणाऱ्याला विचारणं

आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही पायरी. तिची गोष्ट फ्रान्समधली आहे.

फ्रान्सच्या नैऋत्य भागात दोन जुन्या निवाऱ्यांत बरगडीच्या हाडाचे काही लहान तुकडे मिळाले. एक टोक गोल, चकचकीत. त्यांचं वय सुमारे पन्नास हजार वर्षं. तेव्हा तिथे निअँडरथल मानव राहत होते, म्हणजे आपले दूरचे चुलत भाऊबंद. तुकडे इतके छोटे, की हाडांच्या ढिगातून ते वेगळे ओळखणंसुद्धा अवघड. मारी सोरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झीज तपासली. ती कातड्यासारख्या मऊ वस्तूवर घासल्याची निघाली. पॅरिसमध्ये उंची चामडी वस्तू बनवणाऱ्या कारागिरांना या तुकड्याचा फोटो दाखवला, तेव्हा त्यांनी तो लगेच ओळखला. कातडं घासून मऊ, चमकदार आणि पाणी कमी शोषणारं करायला ते अजून असंच हत्यार वापरत होते. बरगडी थोडी लवते, म्हणून दाब दिला तरी कातडं फाटत नाही. २०१३ साली हा शोध जाहीर झाला.

पुढचा प्रश्न होता, ही बरगडी कोणत्या जनावराची? हाडातल्या प्रथिनावरून जनावर ओळखता येतं, पण त्यासाठी हाडाचा तुकडा काढावा लागतो. इतकी दुर्मीळ वस्तू कोण कापणार? तेव्हा नेओमी मार्टिसियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तूला हात लावला नाही. वस्तू ठेवलेली प्लॅस्टिकची डबी तपासली. घासून घासून हाडाचे न दिसणारे कण डबीच्या आतल्या पडद्याला चिकटले होते. फुग्याला केस चिकटतात ना, तसेच. चार डब्यांतून उत्तर मिळालं. चारही हाडं गव्यासारख्या मोठ्या रानगुरांच्या जातीची होती. पाचवी वस्तू साध्या पिशवीत ठेवलेली होती, तिच्यातून काहीच मिळालं नाही.

यातली खरी गोष्ट पुढे आहे. एका निवाऱ्यात बहुतेक हाडं रेनडिअर नावाच्या हरणाची होती. घरात हरणाच्या बरगड्यांचा ढीग असताना त्या लोकांनी मोठ्या गुराची, रुंद आणि मजबूत बरगडी मुद्दाम निवडली. पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला कातडं कमावण्याचं आणि हाडाचं नीट ज्ञान होतं.

आता आपल्याकडचा विचार करा. कातडी कमावणं, चपला शिवणं, हाडं गोळा करणं ही कामं आपल्या समाजानं काही जातींवर लादली आणि वर त्यांनाच हलकं म्हटलं. त्यांच्या हातातलं ज्ञान कुणी विचारलं नाही. शिवणं, सारवणं, दळणं, निवडणं ही बायकांची कामं, म्हणून तीही कुणी लिहून ठेवली नाहीत. चिठ्ठीवर 'उपयोग अज्ञात' लिहिण्याआधी ज्यांचे हात ते काम करतात त्यांना विचारलं पाहिजे. तसा 'पूजेची वस्तू' हा शब्दही जपून वापरायला हवा. काही वस्तू खरंच पूजेच्या असतात, पण वापर सुचला नाही म्हणून प्रत्येक वस्तू देवापुढे नेऊन ठेवणं बरोबर नाही.

आपल्या शेतात काही सापडलं तर

आपल्या गावांजवळ 'पांढर' किंवा 'पांढरीचं टेकाड' असतं. जुन्या वस्तीची राख आणि माती साठून ते तयार झालेलं असतं. ही पांढरी माती धाब्याच्या घरांवर आणि शेतात टाकायला लोक नेत आले आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला, १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं असंच टेकाड खणलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं गाव उजेडात आलं. प्रवरेकाठच्या दायमाबादचा प्रसिद्ध हत्ती, गेंडा आणि बैलगाडीसारखा रथ, या काशाच्या वस्तू १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना एका गावकऱ्याच्याच हाती लागल्या. म्हणजे पहिला हात बहुतेक वेळा आपलाच लागतो. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

एक, वस्तू धुऊ नका, घासू नका, तेल किंवा रंग लावू नका. जुन्या काळी संग्रहालयांतही टिकावं म्हणून वस्तूंवर व्हार्निश चढवत, आणि त्याखाली झीज झाकून जाई. माती घासून काढली, की साक्षच पुसली जाते.

दोन, जागा लिहून ठेवा. कोणतं शेत, किती खोल, सोबत काय होतं. राख होती का, खापरं होती का. शक्य झालं तर उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, शेजारी एक नाणं ठेवून, म्हणजे माप कळतं.

तीन, बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, दमट हाडाला बुरशी येते. सुती कापडात किंवा कागदात सावलीत ठेवा.

चार, तलाठी किंवा ग्रामपंचायतीमार्फत तहसीलदारांना कळवा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, असा १८७८ सालापासून कायदा आहे. जुन्या वस्तूंचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, म्हणून भंगारवाल्याला किंवा दारावर आलेल्या व्यापाऱ्याला काही देऊ नका.

गटाच्या बैठकीत करायचं काम

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी, आता वापरात नसलेली वस्तू आणावी. रवी असेल, गोधडीचा दाभण असेल, आजीची फणी असेल, चरख्याची चाती असेल. नाव न सांगता ती शेजारणीच्या हातात द्यावी. तिनं आधी झीज बघून सांगावं, की कुठं धरलं असेल, कुठं घासलं असेल. मग ज्यांनी ती वापरली आहे त्या मावशींनी, आजींनी खरं काय ते सांगावं. मुलींनी ते वहीत लिहावं : वस्तूचं नाव, कशाची केलेली, कोण वापरायचं, कसं धरायचं, कोणत्या महिन्यात काम पडायचं. आपल्या घरातल्या किती वस्तूंची नावं नातींना येत नाहीत, हे त्या दिवशी कळेल.

फ्रान्समधला तो बरगडीचा तुकडा पन्नास हजार वर्षांनी ओळखला गेला, कारण ते काम करणारे हात अजून शिल्लक होते. आपल्या गावात जे हात शिल्लक आहेत, त्यांचं सांगणं वहीत उतरवायला एक बैठक पुरे आहे. वही भरली की गटाच्या दप्तरात, हिशेबाच्या वहीशेजारीच ठेवा.